बसलिंग आप्पांचं नख

बसलिंग आप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं अर्धं पेर वाढलेलं असतं. बाकीची नऊ नखं ते दर रविवारी दाढीबरोबर काढून टाकतात. दहावं राखीव. नवस-बिवस काही नाही. ते नख खरवडण्यासाठी आहे.

मांजरसुंब्याच्या चौकात आप्पांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, आणि त्याला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधे एकच भिंत. त्यामुळे गेली बारा वर्षं मी ते नख रोज बघतोय. बियाण्याची पिशवी आली की तिच्यावरचं चकचकीत होलोग्रामचं स्टिकर आप्पा आधी नखानं खरवडणार. चंदेरी रंग नखाला लागला, तर पिशवी आली तशी परत. वर सांगणार, "खरवडल्याबिगर खरं कळत न्हाई."

बियाण्यापुरतं असतं तर मी काही बोललो नसतो. पण आप्पा सगळंच खरवडतात. पाण्याची बाटली, गोळ्यांचं पाकीट, काडेपेटी, नव्या नोटेवरची हिरवी तार. माझ्या दुकानाची नवी पाटी लागली त्या दिवशी त्यांनी स्टूल आणून पहिलं अक्षर खरवडलं आणि सांगितलं, "रंग कच्चा हाय." पुढच्या उन्हाळ्यात ते अक्षर खरंच उडालं, पण माझं म्हणणं आहे की ते खरवडल्यामुळे उडालं.

माझ्या भावासाठी मुलगी बघायला गेलतो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून आप्पांना बरोबर नेलं. पोहे झाले, चहा आला. मुलीला काय शिकलीस, स्वयंपाक येतो का, असलं काही विचारायचं सोडून आप्पांनी चहा संपवला, कप पालथा केला आणि तळाचा शिक्का खरवडायला घेतला. मुलीचा बाप बघतच राहिला. चार दिवसांनी निरोप आला, स्थळ जुळत नाही. भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

या खोडीला एक कारण आहे, तेही सांगून टाकतो. आप्पा नव्यानं दुकानात बसायला लागले त्या काळात एका हंगामात त्यांच्या हातून बोगस सरकी विकली गेली. वरची पिशवी अस्सल कंपनीची, आतलं बी कुठलंतरी भलतंच. उगवलंच नाही. आप्पांनी दुबार पेरणीचं बियाणं स्वतः सायकलवर नेऊन घरोघर दिलं आणि प्रत्येक दारात हात जोडले. तेव्हापासून हे नख. अर्थात तीस वर्षांपूर्वीच्या सरकीचा राग माझ्या पाटीवर काढायचं काही कारण नव्हतं.

आता माझ्याबद्दल. माझ्या दुकानात अस्सल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे धूळ. कॉलेजची पोरं पेनड्राइव्ह घेऊन यायची आणि मी तो गेमांनी गच्च भरून द्यायचो. सगळे चोरीचे. ज्या कुलपानं कंपनी आपला गेम बंद करते, ते कुलूप फोडणारी छोटीशी फाईल इंटरनेटवर फुकट मिळते. ती टाकली की गेम मुकाट्यानं चालतो. आप्पा मला उघड उघड चोर म्हणायचे. "काय बे चोरा, चा झाला का?" अशी आमची सकाळ व्हायची.

खताच्या साठ्याची नोंद ऑनलाइन करायचा हुकूम आला, तेव्हा आप्पांनी कॉम्प्युटर घेतला. मग एक दिवस माझ्या दुकानात त्यांनी शेतीचा गेम बघितला. विलायतेतलं कुठलंतरी शेत, त्यात आपण ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, काढायचं, गाई पाळायच्या. जन्मभर शेतकऱ्यांत काढलेल्या माणसाला त्यात काय नवल वाटावं? पण आप्पा तासभर हलले नाहीत. त्या शेतात पाऊस वेळेवर पडत होता, एवढंच कारण असावं.

"दत्ता, ह्ये अस्सल हाय का?"

"आप्पा, अस्सल घ्यायला मी काय येडा हाय का?"

दुसऱ्या दिवशी आप्पा दुकान बंद ठेवून एस.टी.नं संभाजीनगरला गेले. तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोन ठिकाणी त्यांनी डबा खरवडायला घेतल्यावर दुकानदारांना वाटलं छापा पडला. संध्याकाळी पिशवीतून एक काळा गुळगुळीत डबा घेऊन आले. आत डीव्हीडी, मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाचं स्टिकर, त्यावर पंचवीस अक्षरी नंबर. आप्पांचा चेहरा असा, की जणू त्या शेताचा सातबाराच नावावर झालाय.

मग कंपनीनं आपले रंग दाखवायला सुरुवात केली.

तो पंचवीस अक्षरी नंबर मी वाचायचा आणि आप्पांनी टाईप करायचा. त्यात शून्य कुठलं आणि ओ कुठला हे खुद्द ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. चौथ्या खेपेला बरोबर बसला. आता तो इंटरनेटवरून तपासणार. आमच्या चौकात लाईट गेली की टॉवरही जातो. आप्पा मोबाईल घेऊन गच्चीवर, मी खाली कॉम्प्युटरपाशी, आणि पडद्यावर ते चाक गरगर फिरतंय. "आलं का बे?" "न्हाई आप्पा." "आता?" "न्हाई." शेवटी आलं एकदाचं. मी म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी गेम म्हणाला, डीव्हीडी घाला.

"सगळा गेम आत ओतलाय न्हवं? मग तबकडी कशाला मागतंय?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्याकडं ती खरंच हाय का, ते बघतंय."

मला वाटलं आता आप्पा भडकणार. ते उलट खूश झाले. "बराबर हाय. ते बी खरवडून बघतंय. जातीची कंपनी दिसती."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आप्पा, ती फक्त विकत घेणाऱ्याला खरवडती. मी चोरून घेतला, मला कुणी खरवडलं? पैसे देणाऱ्याची झडती घ्यायची आणि चोराला मागच्या दारानं सोडायचं, हा कुठला धंदा? आप्पा म्हणाले, "तू चोर हायस. तुला ते कळायचं न्हाई."

चौकात चोवीस तास ट्रकची धूळ. महिन्याभरात त्या डीव्हीडीवर धुळीनं ओरखडे पडले. ड्राइव्ह घरघरायचा, गेम म्हणायचा तबकडी ओळखू येत नाही, आणि आप्पा उपरण्यानं ती पुसत बसायचे. बरं, तबकडी ओळखली तरी दर दोन-चार दिवसांनी कंपनीला पुन्हा शंका यायची आणि इंटरनेट लागायचं. एकदा आप्पांचा गहू पिवळाधमक झाला होता, मळणीयंत्र निम्म्या शेतात, आणि नेट गेलं. परवाना तपासता येत नाही असं म्हणून गेम आपोआप बंद. अर्ध्या तासाची काढणी पाण्यात. त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे दोन पोरं माझ्या चोरीच्या गेमात तोच गहू काढून ट्रॉल्या भरत होती. आप्पा येऊन त्यांच्यामागे उभे राहिले. म्हणाले, "बी येकच, जमीन येकच. ह्यांचं घरात आलं, माजं गेलं." मी पोट धरून हसलो.

"कावून हसायलास बे?"

"आप्पा, इमानदारीला पाऊस पडत न्हाई, म्हनून."

महानंदाकाकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, सुरुवातीला या प्रकारावर भयंकर चिडल्या. "साठीला आले आन् लेकरासारखं खेळायलेत," असं त्या माझ्या दुकानात येऊन मला ऐकवायच्या, जसा काही मीच त्यांना नादी लावला होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रागवायला घरात आप्पा आणि घराबाहेर मी, एवढेच. पण महिन्याभरात काकूंनी खुर्चीशेजारी दुसरं स्टूल मांडलं. त्यांचं माहेर शिरूर कासारकडचं. तिकडे पाण्याची काय गत असते हे या भागात कुणाला सांगायला नको. गेममधला ओढा बघून त्या म्हणाल्या, "पानी बगा कसं फुकट चाललंय. बांध घाला की." बांध घालायची सोय त्या गेमात नव्हती. त्याबद्दल काकूंनी मलाच जाब विचारला.

गाईंचं खातं मात्र त्यांनी आप्पांकडून काढून घेतलं. गेममध्ये गाईंना नावं देता यायची. काकूंनी चार नावं सांगितली आणि आप्पांनी ती नखाचा टकटक आवाज करत लिहिली. मोरी, चंद्री, ढवळी, कपिली. वैरण टाकायची वेळ झाली की भिंतीपलीकडून रोज आवाज यायचा, "आदी मोरीला. मोरीला आदी घाला म्हन्लं ना!" गेममध्ये आधी-नंतर असं काही नसतं, वैरण एकदाच पडते. हे मी एकदा सांगून बघितलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा बोललो नाही.

खंडेनवमीला काकू दुकानात येऊन हत्यारांची पूजा करायच्या. वजनकाटा, शटरचं कुलूप, फवारणीचा पंप, आणि मग कॉम्प्युटरला झेंडूचा हार. त्या रांगेत तो काळा डबाही मांडलेला असायचा. मी माझ्या दारातून बघायचो आणि पोरांना सांगायचो, बघा रे, कंपनी ह्यांना रोज रडवती आणि हे तिची आरती करायलेत.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दुखणं लांबलं नाही. पंधरवड्यात सगळं आटोपलं. कार्य झाल्यावर आप्पांनी दुकान उघडलं, नख होतं तसंच, पिशव्या खरवडणंही तसंच. फरक एवढाच की आता रोज दिवेलागणीला ते अर्धा तास गेम लावून बसायचे. मी एकदा डोकावून बघितलं. शेत सगळं पडीक. ट्रॅक्टर शेडात. आप्पा फक्त गाईंना वैरण टाकायचे, त्या खाईपर्यंत बघत बसायचे आणि बंद करायचे. म्हातारपणी माणसाचा एखादा स्क्रू ढिला होतो, असं मी चौकातल्या बापूच्या ढाब्यावर सांगितलं. सगळे हसले. मला जरा बरं वाटलं.

यंदा उन्हाळ्यात लाईटीचा जोराचा झटका आला आणि आप्पांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. हार्डडिस्क वाचली, म्हणजे आतला गेम आणि त्यातलं शेत शाबूत. मी नवा बोर्ड बसवला, कॉम्प्युटर सुरू केला. खताची नोंद चालू झाली, सगळं चालू झालं. गेमनं मात्र दार लावून घेतलं. म्हणे, हा दुसराच कॉम्प्युटर आहे, आणि तुमच्या तीन वेळा संपल्या.

हे तीन वेळांचं प्रकरण असं, की कंपनी एका डब्यावर गेम तीनदाच नोंदवू देते. पहिली वेळ आप्पांनी घेतला तेव्हाची. दुसरी आणि तिसरी माझी. पहिल्या तीन महिन्यांतच आप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये दोनदा व्हायरस शिरला, मी दोनदा सगळं पुसून नव्यानं टाकलं आणि दोन्ही वेळा डब्यावरचा नंबर पुन्हा भरला. व्हायरस कुठून आला? माझ्याच पेनड्राइव्हमधून. चोरीच्या गेमाबरोबर आलेला. हे मी आप्पांना कधी सांगितलं नाही. नंबर कुठंतरी लिहून ठेवू या, एवढं तेव्हा म्हटलं होतं. त्यावर आप्पा म्हणाले होते, "अस्सलचा नंबर असा कागदावर मोकाट सोडत नसतेत."

"बोर्ड बदलला म्हनून मानूस बदलला व्हय?" आप्पांनी पडद्याला विचारलं. मग माझ्याकडे वळले. "दत्ता, गाई उपाशी हायत."

"आप्पा, गेम बंद हाय तवर गाईबी बंद. त्यास्नी भूक लागत न्हाई."

"तुला ठाव हाय का?"

मला ठाऊक होतं. तरी पुढचे कितीतरी दिवस ते रोज सकाळी चहाबरोबर तेच सांगायचे. आज आठवा दिवस. आज अकरावा. उपाशी हायत. एवढा हुशार दुकानदार, सरकारी फॉर्म स्वतः भरतो, आणि पडद्यावरच्या गाईंच्या पोटाची काळजी करतो. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, ती कुलूप फोडणारी फाईल टाकतो, तुमचं शेत जसंच्या तसं उघडेल. आप्पा ताडकन उठले.

"माज्याच घरात चोरीच्या किल्लीनं जाऊ? कपिलधारच्या पान्याची आन हाय, दत्ता. पुन्यांदा बोलू नगंस." कपिलधार हे आप्पांचं देवस्थान, तिथल्या पाण्याची आन ते उगीच घेत नाहीत.

मग मी त्यांच्या नावानं कंपनीला मेल लिहिली. आठवड्यानं उत्तर आलं. प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, वगैरे. म्हणणं एवढंच की डब्यामागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे, आणि तोही चौदा दिवसांच्या आत, नाहीतर तक्रार बंद. ज्यानं पैसे मोजले, तीन वेळा नंबर भरला, तबकडी पुसून पुसून झिजवली, त्यानंच आता डब्याचा फोटो काढून आपण चोर नाही हे सिद्ध करायचं. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांपैकी एकाकडेही आजवर कंपनीनं डबा मागितला नव्हता. मी कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या आणि आप्पांना म्हटलं, आणा डबा, फोटो काढू.

"आनतो," आप्पा म्हणाले.

आणला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले घरी राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाले सापडंना. मग म्हणाले बघू. गाई उपाशी असल्याचं रोज सांगत होते, पण डब्याचं नाव काढलं की भिंतीवरच्या कीटकनाशकाच्या कॅलेंडरकडे बघायचे. दहा दिवस असेच गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टिकरमध्ये घोळ असणार! संभाजीनगरच्या दुकानदारानं म्हाताऱ्याला टोपी घातली असणार. नंबर तीनदा चालला म्हणून काय झालं, चोरलेला नंबरही चालतोच, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्याची पाटी खरवडणाऱ्यानं स्वतःचा डबा नीट खरवडला नव्हता, आणि आता लाजेनं दाखवत नव्हता.

हे मी माझ्यापुरतं ठेवायला हवं होतं. मी ते बापूच्या ढाब्यावर सांगितलं. आणि ढाब्यावर सांगितलेलं चौकात पोचायला चहा उतू जाण्याएवढाच वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी आप्पा चहाला आले तर बापूनं पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. "आप्पा, खरवडून बगा की. डुप्लिकेट असली तर सांगा, तुमास्नी वळख हाय." बाकड्यावरचे सगळे खो खो हसले. मीही. आप्पांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा न घेता निघून गेले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीही खरवडलं नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. खरं कारण सांगतो, मला त्यांना पकडायचं होतं. कपिलधारच्या रस्त्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर. आप्पा जेवून नुकतेच टेकले होते. मी बसलोसुद्धा नाही.

"आप्पा, उद्या मुदत संपती. डबा हाय का न्हाई, एकदा सांगून टाका."

ते उठले. भिंतीतल्या देवळीत त्यांचा देव, शेजारी भस्माची डबी, आणि त्यामागे तो काळा डबा उभा करून ठेवलेला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी काढला आणि डब्याची पाठ माझ्याकडे करून धरला.

स्टिकरच्या जागी लाल ठसे होते. तेलात कालवलेल्या कुंकवाचे. बोटाचे. एकावर एक, शेजारी शेजारी, चांगले ठळक. कडेला हळदीचा पिवळा डाग. पंचवीस अक्षरांपैकी सुरुवातीची तीन आणि शेवटचं एक, एवढंच काय ते दिसत होतं.

"ह्यो डबा गुळगुळीत," आप्पा सांगायला लागले. "कुंकू धरंना. पयल्या खंडेनवमीला तिनं फिरवून बगितलं, तर मागं ह्यो पांडरा कागुद. म्हन्ली, हितं धरतंय. म्या म्हन्लं, अगं नंबर हाय तिथं. म्हन्ली, असू द्या, देवाच्या कुंकवानं काय बिगडतंय. दरसाली तिथंच लावायची. चार साल लावलं."

मी डबा हातात घेतला. खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्यातला मेकॅनिकच आधी बोलला. "आप्पा, एवढंच ना? थिनरचा बोळा फिरवतो. न्हाईतर तुमी नखानं हळू खरवडा, वरचं कुंकू निघंल, खालचा नंबर छापील हाय. उद्या तुमची गाडी चालू!"

आप्पांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. ओढून नाही, हळूच.

"तेच तर हाय," ते म्हणाले. "चार येळा बसलो खरवडायला. नख टेकवलं आन् काडलं." त्यांनी तो अंगठा माझ्यासमोर धरला, जसा काही तोच दोषी होता. "फोटूत तिचं तोंड हाय. लुगडी हायत टरंकेत. पर तिचं बोट ह्येवढंच हाय, दत्ता. बग, रेगा सुदिक दिसत्यात."

मी वाकून बघितलं. दिसत होत्या. अनामिकेच्या टोकाच्या बारीक रेषा, शेवटच्या वर्षीच्या ठशात सगळ्यात स्पष्ट.

"आन् तिकडं तिच्या गाई हायत," आप्पा म्हणाले. "जाताना म्हन्लती, मोरीला इसरू नका. सगळ्यांस्नी वाटलं वात झालाय. मला कळलं कुनाचं म्हनायली ते. हिकडं खरवडलं तर गाई भेटत्यात, बोट जातंय. न्हाई खरवडलं तर बोट ऱ्हातंय, गाई उपाशी. तूच सांग बे, काय करू?"

ढाब्यावर केलेली सगळी बडबड आठवली आणि स्वतःची मनस्वी लाज वाटली. कंपनीनं आप्पांना चोर समजलं ते तिला माणूस दिसत नाही म्हणून. मला तर बारा वर्षं रोज दिसत होता, तरी मीही तेच केलं होतं. आणि त्यांच्या तीनपैकी दोन वेळा माझ्याच पेनड्राइव्हनं खाल्ल्या होत्या. तेही मी तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं.

आप्पांनी तो अंगठा मुडपून मुठीत घेतला. मग म्हणाले, "म्हंजी चोर तूच."

"व्हय आप्पा."

त्यांनी डबा परत देवळीत ठेवला, पाठ भिंतीकडे करून. खांद्यावर उपरणं टाकलं.

"चल मग. तुझी चोरीची किल्ली घाल."

कपिलधारच्या आनेची आठवण मी करून दिली नाही. ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. दुकानात आलो. पेनड्राइव्ह लावण्याआधी मी तो तीनदा तपासला, आयुष्यात पहिल्यांदाच. फाईल टाकली. दोन मिनिटंही लागली नाहीत. गेमनं तबकडी मागितली नाही, नंबर मागितला नाही, नेट मागितलं नाही. इतकी वर्षं पैसे मोजूनही जे दार नीट उघडलं नव्हतं, ते चोरीच्या किल्लीनं बिनबोभाट उघडलं.

पडीक शेत आलं. शेड आलं. गोठ्यात चारही गाई उभ्या होत्या, आप्पांनी सोडल्या होत्या तशाच. मोरी, चंद्री, ढवळी, कपिली. आप्पांनी वैरणीवर बाण नेला आणि थांबले. डोळे पुसले. मग कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं पुटपुटले, "घालतो, घालतो. आदी मोरीलाच." मी माझ्या दुकानात निघून आलो. भिंतीपलीकडून गाईंच्या हंबरण्याचा बारीक आवाज बराच वेळ येत होता.

चौदावा दिवस गेला आणि कंपनीची मेल आली. प्रिय ग्राहक, मालकीचा पुरावा न मिळाल्यानं आपली तक्रार बंद करत आहोत. मी ती आप्पांना दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ढाबा भरलेला असताना गेलो. आप्पा अजून यायचे होते. मी मोठ्यानं सांगितलं, आप्पांचा डबा मी डोळ्यांनी बघून आलो, अस्सल आहे, चूक माझी होती. बापू असा सहज ऐकणारा नव्हे. त्यानं गाळणी आपटली आणि विचारलं, "अस्सल कशावरनं? खरवडून बगितलंस का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ते खरवडायचं नसतं."